चकवा आणि चार उपग्रह

मराठी विभागाला जीपीएस यंत्र कशासाठी हवे, असा प्रश्न दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या खरेदी समितीत विचारला गेला. प्रश्नात किंचित खोच होती, पण शंका रास्त होती. हेच यंत्र भूगोल विभागाने मागितले असते तर कोणी चकार शब्द काढला नसता. मराठीच्या प्राध्यापकांनी कोश मागावेत, जुन्या नियतकालिकांच्या बांधणीसाठी पैसे मागावेत. उपग्रहांशी त्यांचा संबंध काय? मी दिलेले उत्तर इतिवृत्तात एका ओळीत नोंदले गेले आहे : 'क्षेत्रभेटीत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी.' ते खरे आहे, पण अपुरे आहे. उरलेले उत्तर येथे लिहिते आहे.

आमचा विभाग दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीस तीसेक विद्यार्थ्यांना घेऊन पुण्याच्या नैर्ऋत्येकडच्या घाटमाथ्यावर जातो. वेल्ह्याच्या पलीकडे केळद, मढे घाट, उपांड्या घाट हा आमचा नेहमीचा टापू. घाटवाटांची नावे, त्यांच्याशी जोडलेल्या कथा आणि जमिनीच्या वेगवेगळ्या रूपांना स्थानिक बोलीत असलेले शब्द गोळा करणे हे काम. 'डोंगर' आणि 'दरी' या दोन शब्दांवर आजवर भागवत आलेल्या मुलांना तेथे सोंड, धार, दांड, पदर, नाळ, घळ, टेप, सडा अशी एकेक वस्तू पायांखाली भेटते, आणि मग कादंबरीतले किंवा बखरीतले तेच शब्द त्यांना निराळे ऐकू येऊ लागतात. वर्गात हे साधत नाही. मढे घाटाची तर कथाच आहे. १६७० मध्ये सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह उमरठला याच वाटेने नेला, म्हणून हा मढे घाट, असे परंपरा सांगते. मुलांना ही कथा फार आवडते. पण ती ऐकत असतानाच खालच्या कोकणातून ढग वर चढतो, पाच मिनिटांत कथा सांगणारा दिसेनासा होतो, आणि तीस मुले मोजणाऱ्या शिक्षकाच्या मनात कथेला जागा उरत नाही.

अशा वेळी जे घडू शकते त्याला मराठीत एक नेमका शब्द आहे : चकवा. चकवा लागतो, जशी तहान लागते, भूत लागते, वेड लागते. माणूस वाट चुकतो तेव्हा त्या क्रियेचा कर्ता तो स्वतः असतो. चकवा लागतो तेव्हा कर्तेपण दुसऱ्याच कोणाकडे गेलेले असते. चकवा लागलेला माणूस चालत राहतो आणि फिरून फिरून त्याच झाडापाशी, त्याच दगडापाशी येतो. लोकसाहित्याच्या तासाला मी हे सांगते तेव्हा मुले हसतात. परंतु २००९ मध्ये 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात जर्मनीतल्या काही संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी काही माणसांना जर्मनीतल्या एका सपाट अरण्यात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालत राहायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ झाकोळले की ती वर्तुळात फिरू लागली, आणि आपण स्वतःचीच मागची वाट ओलांडली हे त्यांना कळलेही नाही. डोळे बांधून चालवलेल्यांची वर्तुळे तर वीस मीटर व्यासाइतकी लहान निघाली. अरण्यात आणि वाळवंटात चाललेल्यांचा माग काढला होता जीपीएस यंत्रांनी. हा अभ्यास वाचल्यापासून चकवा हा शब्द शिकवताना माझा आवाज थोडा बदलला आहे, असे विद्यार्थी म्हणतात.

तर, यंत्र. मंजूर रक्कम १५,००० रुपये, आणि नियमाप्रमाणे तीन दरपत्रके. आमच्यासारख्याने अशा वेळी माहिती कोठून घ्यावी? 'स्वस्त जीपीएस' असे शोधले की पुढ्यात येते ते बहुतेक मोटारचालकांसाठीचे लेखन : पुढच्या चौकात डावीकडे वळा म्हणणारी यंत्रे. त्यांना रस्ता आधीच माहीत असावा लागतो, आणि आमच्याकडे रस्ताच नाही. शेवटी माझ्या उपयोगाला आले ते अगदी अनपेक्षित असे लेखन, बर्फावरची स्कूटर चालवणाऱ्यांसाठी लिहिलेले. पुणेकरांना ही स्नो-स्कूटर ठाऊक असते ती गुलमर्गच्या सहलीतली : भाड्याने घेतलेले गमबूट, पुढे बसलेला चालक, ठरावीक फेरी आणि एक छायाचित्र. पण १९५९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात बॉम्बार्डिए यांनी 'स्की-डू' नावाने ती बाजारात आणली तेव्हापासून उत्तरेकडच्या देशांत लोक तिच्यावरून दिवसदिवस हिंडतात, गोठलेल्या तळ्यांवरून, जंगलांतून. बर्फाने वाट झाकलेली, हाती जाड मोजे, थंडीने बॅटरी गारठलेली, सतत हादरे आणि उन्हात चमकून काहीच न दिसणारा पडदा. यातला बर्फ काढून धुके घाला, मोजे काढून पावसाने सुरकुतलेली बोटे घाला, की हे सह्याद्रीतलेच दुखणे होते. त्यांच्या खरेदीच्या अटी मी जवळजवळ जशाच्या तशा उचलल्या.

पहिली अट बटणांची. बोटाने सरकवायचा काचेचा पडदा मोज्यांना ओळखत नाही, आणि पावसाच्या थेंबांना मात्र बोट समजतो. मुसळधार पावसात मोबाइल हातात धरून पाहावा. न मागता तो कोणाला तरी फोन लावतो. दुसरी अट विजेची. आत बसवलेली बॅटरी संपली की यंत्र मेले. बाजारात कोठेही मिळणारे दोन पेन्सिल सेल घालणारे यंत्र मात्र वेल्ह्याच्या किराणा दुकानातही पुन्हा जिवंत होते. बर्फाळ प्रदेशातले लोक यासाठी लिथियमचे सेल सुचवतात, कारण साधे अल्कलाइन सेल कडक थंडीत लवकर मान टाकतात. आपल्याकडे ती गरज नाही; पुन्हा भारित करता येणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल पुरतात. तिसरी अट पडद्याची. बाहेरच्या उजेडातच अधिक स्पष्ट दिसणारा, मागून दिवा लावावा न लागणारा पडदा असतो. तो दिसायला गरीब असतो, जुन्या कॅल्क्युलेटरसारखा. पण उन्हात तोच वाचता येतो, आणि वीजही कमी खातो. चौथी अट पाण्याची : यंत्रावर आयपीएक्स-७ असे लिहिलेले असेल तर ते एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहून जगते, असा त्याचा अर्थ. आमच्या मुलांच्या सॅकमध्ये हा अर्धा तास सहज भरतो.

येथे सहकाऱ्यांनी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे, कारण तो सगळेच विचारतात. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना वेगळे यंत्र कशाला? 'तेथे रेंज नसते' हे उत्तर बरोबर नाही. उपग्रहांचे संकेत ऐकायला मोबाइलचे जाळे लागत नाही. विमान-अवस्थेत ठेवलेला फोनही बहुधा आपले स्थान सांगतो, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवलेला हवा. जाळ्याची मदत होते ती सुरुवातीला. कोणता उपग्रह आत्ता कोठे आहे याचा तपशील प्रत्येक उपग्रह दर तीस सेकंदांनी सांगतो, आणि सगळ्या उपग्रहांचे ढोबळ पंचांग पुरे ऐकायला साडेबारा मिनिटे लागतात. फोन ते इंटरनेटवरून क्षणात मिळवतो, एकटे यंत्र उघड्यावर उभे राहून ऐकत बसते. म्हणून यंत्र गाडीतून उतरल्याबरोबर सुरू करून माळावर ठेवून द्यावे आणि आपण चहा घ्यावा. मोबाइलच्या विरुद्ध माझा खरा आक्षेप वेगळा आहे. डोंगरात मोबाइल हे मदत मागण्याचे साधन आहे. छायाचित्रे, गाणी आणि दिशा या तिन्हींसाठी तो दिवसभर वापरला, तर संध्याकाळी ज्या एका कामासाठी तो हवा असतो तेव्हा तो बंद पडलेला असतो.

स्वस्त यंत्र मुळात शक्य कसे झाले हे मला या निमित्ताने समजले, आणि ते सांगण्याचा मोह आवरत नाही. उपग्रहापासून संकेत निघाल्याची वेळ आणि तो आपल्यापर्यंत पोचल्याची वेळ यांतल्या फरकावरून अंतर काढायचे, एवढाच हा खेळ. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. त्यांच्यात आण्विक घड्याळे. तीन उपग्रहांची अंतरे कळली की जागा कळावी. पण आपल्या हातातल्या यंत्रात आण्विक घड्याळ नसते; असते ते साधे, सेकंदाच्या लाखाव्या भागाने तरी चुकणारे. आणि प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या संकेताच्या हिशेबात सेकंदाचा लाखावा भाग म्हणजे तीन किलोमीटर. म्हणून चौथा उपग्रह. तो जागा शोधायला लागत नाही, आपल्या स्वस्त घड्याळाची चूक ओळखायला लागतो. चौघांची साक्ष घेतली की एकट्याचे घड्याळ सुधारते. शिवाय २००० सालापर्यंत अमेरिकी लष्कर नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. जागा शंभर मीटर इकडेतिकडे दाखवली जाई. २ मे २००० पासून ती मिसळ बंद झाली, आणि त्याच सुमारास गार्मिन कंपनीचे पिवळे 'ईट्रेक्स' बाजारात आले. पुण्यातल्या गिर्यारोहकांच्या हाती असली यंत्रे दिसू लागली ती त्यानंतर.

(स्वदेशी का नाही, असेही समितीत विचारले गेले. भारताच्या प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला, २०१६ मध्ये तिला 'नाविक' हे नाव मिळाले, आणि २०२० पासून तिचे संकेत घेणारे फोनही आले. आमच्या तीन दरपत्रकांतल्या एकाही यंत्रावर मात्र तिचा उल्लेख नव्हता.)

खरा वाद झाला तो नकाशावरून. पहिले दरपत्रक दहा हजारांच्या आतले, काळ्यापांढऱ्या पडद्याच्या यंत्राचे. २०११ मध्ये आलेल्या ईट्रेक्स १० च्या धर्तीचे. त्यात तपशीलवार नकाशा असा नाहीच. कोरा पडदा, त्यावर आपण चाललो त्याची रेघ आणि आपण खूण करून ठेवलेले बिंदू. दुसरे वीस हजारांच्या पुढचे, रंगीत, आठ जीबी स्मृतीचे, नकाशे भरलेले. २०१९ च्या ईट्रेक्स २२एक्ससारखे. तिसरे यांहून महाग, त्यात विजेवरचे होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारी सोय. आमचे भूगोलाचे सहकारी रंगीत यंत्राच्या बाजूचे होते; जास्तीचे पैसे आपल्या विभागातून मिळवून देण्याचीही त्यांची तयारी होती. नकाशाशिवाय जीपीएस म्हणजे शब्दार्थाशिवाय शब्दकोश, असे ते म्हणाले. मराठीच्या माणसाला गप्प करण्यासाठी उपमा चांगली होती.

मी मात्र त्यांच्याकडूनच नकाशा वाचायला शिकले होते, आणि त्यांनीच शिकवलेल्या दोन गोष्टी मला आठवत होत्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषा वीस-वीस मीटरांवर असतात. म्हणजे दोन रेषांच्या मध्ये पंधरा मीटरांचा, पाच मजल्यांचा, उभा कातळ निवांत लपून बसू शकतो. यंत्रांतल्या फुकट रंगीत नकाशांचे डोंगर तर बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' अवकाशयानाने केलेल्या रडार मोजणीवरून काढलेले असतात. आपल्या भागासाठी ती माहिती प्रथम मिळाली ती नव्वद मीटरांच्या चौकोनाला एक उंची या हिशेबाने, आणि पुढे तीस मीटरांच्या. सह्याद्रीचा कडा तीस मीटरांच्या चौकोनात मावत नाही; तो गुळगुळीत उतार होऊन जातो. छायांकित, सुंदर हिरवा उतार. मला भीती कोऱ्या पडद्याची नव्हती, या हिरव्या उताराची होती. कोरा पडदा पाहणारा विद्यार्थी मान वर करून समोर बघतो. चित्र पाहणारा चित्रातून चालू लागतो.

दुसरी गोष्ट जुन्या नकाशांची. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून लॅम्बटनने त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला आणि तेथेच त्याला पुरले. त्याच्या मागून आलेल्या एव्हरेस्टने पृथ्वीचा जो आकार गृहीत धरला, त्यावर आपले जुने नकाशे उभे आहेत. जीपीएस यंत्र पृथ्वीचा दुसराच आकार मानते. त्यामुळे पुण्याच्या ४७ एफ या जुन्या नकाशावरून अक्षांश-रेखांश काढून ते तसेच्या तसे यंत्रात भरले, तर बिंदू शंभर मीटरांहून अधिक सरकतो. यंत्राच्या मांडणीत जाऊन 'इंडियन' हा पर्याय निवडला की फरक बराचसा मिटतो, पण तो निवडावा लागतो हे ठाऊक हवे. २००५ च्या नकाशा-धोरणाने आलेल्या खुल्या मालिकेत ही अडचण नाही. २०१७ पासून ते नकाशे संकेतस्थळावरून उतरवूनही घेता येतात, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तर नकाशांवरची बहुतेक बंधने सैल झाली. तरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अजून जुनेच कागद आहेत, आणि मला ते आवडतात.

बर्फस्कूटरवाले ज्याची शिफारस सर्वांत आधी करतात ते यंत्र मात्र आमच्या विचारातही येऊ शकले नाही : उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे, संकटात एक बटण दाबले की मदत बोलावणारे. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणे बेकायदा आहे. १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून ही गोष्ट चालत आली आहे, आणि अलीकडच्या वर्षांत असे यंत्र सॅकमध्ये घेऊन आलेल्या परदेशी प्रवाशांना आपल्या विमानतळांवर ताब्यात घेतले गेल्याच्या बातम्याही आल्या. परदेशातल्या नातेवाइकाकडून स्वस्तात मागवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शेवटी आम्ही काळेपांढरे यंत्र घेतले. उरलेल्या पैशांतून घाटमाथ्यावरच्या एका गावातल्या वाटाड्याचे दोन वर्षांचे मानधन निघाले. दरपत्रकांच्या तक्त्यात हा चौथा पर्याय नव्हता, म्हणून तो लेखापालांना समजावून देण्यात एक दुपार गेली. असो. त्यांनी शेवटी 'मार्गदर्शन शुल्क' असा रकाना काढला.

हे वाटाडे साठीच्या आसपासचे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते मला बाई म्हणतात, मुलांना पोरांनो. पहिल्या वर्षी त्यांनी यंत्राकडे ढुंकूनही पाहिले नाही. सकाळी निघताना मी यंत्र सुरू केले, आणि आम्ही चाललो ती रेघ पडद्यावर उमटत राहिली. दुपारी परतताना सड्यावर धुके उतरले. सडा म्हणजे सपाट, उघडा कातळ. तेथे पाऊल उमटत नाही, झाड नाही, गवताला दिशा नाही. मामा थांबले. दोन पावले इकडे, दोन तिकडे गेले, खाली वाकून गुरांचे शेण शोधले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमचं ते काय म्हनतंय?" यंत्र म्हणत होते की सकाळची रेघ डाव्या हाताला चाळीस पावलांवर आहे. गेलो, होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मामांना ते फारसे आवडले नाही.

पुढे तासाभराने उलटे झाले. रेघ सोंडेवरून उतरत होती, आणि मामा उजवीकडच्या ढोरवाटेने निघाले. एका विद्यार्थिनीने पडदा दाखवला, "मामा, आपण सकाळी इकडून आलो." ते म्हणाले, "सकाळी आलो व्हतो. आता तितं पाय ठरायचा न्हाय." दोन तास पाऊस झाला होता, आणि सोंडेवरच्या मातीखाली कातळ होता. यंत्राला आमची सकाळ माहीत होती, मामांना मधला पाऊस माहीत होता. तीस मुलांपैकी एकाचेही पाऊल त्या सोंडेवर पडले नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. आणखी एक. विजेचे होकायंत्र नसलेले स्वस्त यंत्र माणूस चालत असेल तरच दिशा सांगते. थांबलेल्याला तुझे तोंड कोणीकडे आहे हे ते सांगू शकत नाही. म्हणून दहा रुपयांच्या शिट्टीबरोबर एक साधे चुंबकसूचीचे होकायंत्र प्रत्येक गटाकडे असावेच.

विभागाच्या दृष्टीने मोठे काम झाले ते खुणांचे. मामा थांबून एखादे नाव सांगत, त्या जागी आम्ही यंत्रात बिंदू करत असू. हे करताना मला सारखी 'स्थानपोथी' आठवत होती. चौदाव्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या या महानुभाव ग्रंथात चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, जेवले त्या जागांची नोंद आहे : गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणीकडे, त्याच्या कोणत्या बाजूला स्थान. वि. भि. कोलते यांनी तिचे संपादन केले. आमचे विद्यार्थी ती परीक्षेपुरती वाचतात आणि रुक्ष म्हणून बाजूला ठेवतात. बिंदूंची यादी करू लागल्यावर दोघांनी ती आपण होऊन पुन्हा मागितली. जागा नेमकी कशी सांगावी हा प्रश्न पडलेल्या माणसालाच तिची भाषा कळते. स्थानाची खूण म्हणून पंथाने ओटे बांधले. आमच्या हाती पडद्यावरचे चिमुकले झेंडे. आणि त्या झेंड्यांवर नावे रोमन लिपीत, कारण आम्ही घेतलेल्या यंत्रात देवनागरी लिहिण्याची सोय नव्हती. 'ढोरवाट' रोमनमध्ये लिहिली की ती ढोरवाट की दोरवाट हे पुण्यात परतल्यावर कळत नाही. मुलांनी त्यावर उपाय काढला : यंत्रात फक्त क्रमांक, आणि वहीत त्या क्रमांकापुढे मामांनी उच्चारला तसा शब्द. वही आता शंभर बिंदूंच्या पुढे गेली आहे.

मराठीत वाट मळते, वाट मोडते. मळते ती पावलांनी. मोडते ती कोणी न गेल्याने. केळदकडच्या कितीतरी वाटा मोडल्या आहेत, कारण खाली उतरायला गाड्या झाल्या, बाजार बदलला, सोयरिकी बदलल्या. यंत्रातली रेघ मळत नाही आणि मोडतही नाही. ती एकदा चाललेल्या माणसाची तशीच राहते. हा तिचा गुण की उणेपणा, यावर विभागात दोन मते आहेत.

आणि आता हाच प्रश्न आमच्यापुढे आला आहे. गेल्या सप्टेंबरात दुसऱ्या फेरीहून परतताना मामांनी विचारले, "बाई, ही रेघ तुमी कॉम्पुटरवर टाकनार का?" कोणीतरी खालच्या एका नाळेची रेघ इंटरनेटवर टाकली आहे, तेव्हापासून शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे गट मोबाइल पाहत उतरतात आणि गावात कोणी विचारत नाही, असे ते म्हणाले. पावसाळ्यानंतरच्या चार महिन्यांत त्यांच्या घरात येणारे रोख पैसे बरेचसे याच कामाचे. आम्ही रेघ टाकणार नाही असे मी तेथेच सांगितले. गाडीत बसल्यावर एम. ए.च्या एका मुलाने वाद घातला. उद्या धुक्यात कोणी अडकले आणि ही रेघ असती तर वाचले असते, मग? विद्यापीठाच्या पैशांतून घेतलेली माहिती लपवण्याचा आपल्याला अधिकार काय? त्याचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. मी एवढेच म्हणाले की त्या रेघेत पाऊस नाही.

सध्या रेघ विभागाच्या संगणकात आहे आणि वही माझ्या कपाटात. दिवाळीत मामांच्या पुतण्याचा फोन आला. तो वेल्ह्याला बारावीला आहे, त्याच्याकडे मोबाइल आहे, आणि काका थकले की पुढे त्यालाच मुलांना घेऊन जायचे आहे. सगळे बिंदू त्याला हवे आहेत, पण क्रमांकांनी नकोत. काका म्हणतात तशा नावांनी, मराठीत. मोबाइलमध्ये देवनागरीची अडचण नाही. द्वितीय वर्षाच्या दोन मुली वही घेऊन बसल्या आहेत. एकोणचाळिसाव्या बिंदूपाशी त्या अडल्या आहेत : शब्द 'पदराची घळ' की 'पाद्राची घळ', हे ध्वनिमुद्रणात वाऱ्यामुळे नीट ऐकू येत नाही. पुतण्याने काकांना विचारून कळवतो म्हटले आहे.